लिनक्स टाकलं खरं, आता पेजमेकर कुठं उघडायचं?

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, जुन्या मशीनवर ११ चढत नाही कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, मग कुणाच्या पोरानं, कुणाच्या भाच्यानं विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून दिली आणि आता दुकानाचं काम अडलंय. त्यातली तीन पत्रं घेतोय.

प्रश्न : सर, लक्ष्मीपुरीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिल, शिवाय दूध संस्था आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. भाच्यानं लिनक्स मिंट टाकलं, मशीन लई भारी पळतंय, पण पानं लावायचं पेजमेकर आणि डिझाइनचं कोरल यांचं काय करायचं? सेटअपच्या ईएक्सईवर डबल क्लिक केलं की झिप फाइल उघडल्यासारखी कायतरी भलतीच खिडकी येते.

उत्तर : ती खिडकी येणारच, लिनक्सला ईएक्सई, म्हणजे विंडोजची प्रोग्राम फाइल, मुळात ठाऊकच नसते. त्यासाठी वाइन नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फुकट मिळतं. विंडोजचा प्रोग्राम फाइल उघड, खिडकी काढ, प्रिंटरला पान पाठव असं सारखं विंडोजला सांगत असतो, ते सांगणं वाइन मधल्या मधे झेलतं आणि लिनक्सकडून करून घेतं, म्हणजे आत कुठं लपवलेलं विंडोज वगैरे नसतं. हे काम १९९३ पासून चालूय आणि १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, त्यावरून ते किती किचकट असेल बघा. आणि कोरल लिनक्सवर हे काही नवीन नाही, २००० साली खुद्द कोरल कंपनीनंच वाइनच्या आधारानं कोरलड्रॉ ९ लिनक्सवर आणलं होतं, पुढं त्यांनी नाद सोडला ही गोष्ट वेगळी.

आता तुमच्या कामाचं. पेजमेकरची शेवटची ७ नंबरची आवृत्ती २००१ ची, आणि असले जुने प्रोग्राम वाइनवर नव्यांपेक्षा बरे चालतात कारण त्यांच्या मागण्या कमी असतात. कोरलची जितकी नवी आवृत्ती तितकी डोकेदुखी जास्त, तेव्हा टाकायच्या आधी वाइनच्या वेबसाइटवर तुमच्या आवृत्तीला काय शेरा दिलाय तो बघा, प्लॅटिनमपासून गार्बेजपर्यंत सरळ दर्जे लावलेत.

खरी गोची फॉन्टची होणार. तुमच्या जुन्या फायली श्रीलिपीसारख्या युनिकोड (सगळीकडं एकसारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असणार, आणि तो फॉन्ट नसला की अख्खा अहवाल म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, अध्यक्षांच्या मनोगतासकट. घाबरायचं नाही, फाइल बिघडलेली नसते. होम फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल एच दाबा, लपलेली फोल्डरं दिसतील, त्यात टिंब वाइन (.wine) नावाचं एक असेल, त्याच्या आत ड्राइव्ह सी, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स. जुन्या मशीनवरच्या सगळ्या टीटीएफ (फॉन्टच्या) फायली तिथं टाका आणि पेजमेकर बंद करून परत उघडा. टायपिंगचं मात्र सांगता येत नाही, कारण लिपीचं सॉफ्टवेअर कीबोर्ड आणि प्रोग्रामच्या मधे बसतं आणि त्याला यूएसबी लॉक (लायसन्सची पेनड्राइव्हसारखी किल्ली) असलं तर वाइनवर बहुतेक अडणारच, त्यामुळं जुनी फाइल उघडून किरकोळ दुरुस्ती करून छापणं इतकीच अपेक्षा ठेवा.

नवीन अहवाल सरळ युनिकोडमध्ये स्क्राइबस या पानं लावायच्या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरवर लावायला घ्या असं माझं मत आहे. तो छापखान्याला लागणारी चार रंगांची सीएमवायके पीडीएफ देतो, जोडाक्षरंही आता नीट बसतात, फक्त १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. पेजमेकरच्या फायली लिबरऑफिस ड्रॉमध्ये आणि कोरलच्या इंकस्केपमध्ये उघडतात, पण मांडणी हलते, तेव्हा पत्रिकेचा गणपती काढून घ्यायला ठीक, ३२ पानी अहवालाला नाही.

आणखी एक, वाइनमध्ये झेड नावाचा ड्राइव्ह दिसेल तो म्हणजे तुमचं सगळं लिनक्स. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरून आलेला विंडोजचा व्हायरस वाइनमध्ये चालू शकतो आणि तिथनं तुमच्या फायलींपर्यंत पोचू शकतो, तेव्हा लिनक्सला व्हायरस नसतो म्हणून अनोळखी ईएक्सई दाबत बसू नका.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. टॅली आणि डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, दोन्ही लिनक्सवर पायजेत. वाइननं भागंल का?

उत्तर : हिशोबाला जुगाड नको हो. प्रोग्राम नुसता आपल्या फायलींशी खेळत असेल तर वाइन ठीक, पण लायसन्स, टोकन, ड्रायव्हर असलं काही आलं की तिथं खरं विंडोजच लागतं. व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात विंडोज बसवा, ते लिनक्सच्या एका खिडकीत चालतं. विंडोजचं लायसन्स वेगळं लागेल आणि रॅम ८ जीबी तरी पाहिजे, ४ मध्ये दोघंही रडतात. टोकन आत दिसायला लिनक्समध्ये तुमचं नाव व्हीबॉक्सयूजर्स या ग्रुपात घालावं लागतं, मग लॉगआउट करून परत यायचं आणि यूएसबीच्या मेनूत टोकनवर टिक करायची. ही पायरी विसरली की मेनू रिकामा दिसतो आणि लोक टोकन खराब झालं म्हणून बदलायला निघतात. आत विंडोज १० च बसवणार असाल तर त्यावर मेल, ब्राउझिंग काही करू नका, नुसती टॅली आणि सही. टॅलीचा बॅकअप रोज त्या खिडकीच्या बाहेर, लिनक्सच्या फोल्डरमध्ये काढत जावा. आणि हे सगळं पाडव्याच्या सौद्यांच्या तोंडावर करायला घेऊ नका, निवांत दिवस बघा.

प्रश्न : दादा, इंजिनिअरिंगला आहे, राजारामपुरीत रूमवर राहतो. मिंटवर व्हॅलोरंट गेम चालंल का?

उत्तर : नाही भावा. त्याचं चीटिंग पकडणारं व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतं, वाइनला तिथं जागाच नाही, आणि व्हर्च्युअल मशीनमध्येही ते खेळू देत नाही. बाकी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेच गेम प्रोटॉनवर चालतात, ते २०१८ पासून स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं वाइनवरच उभं केलंय, आणि काउंटर-स्ट्राइक २ तर लिनक्सवर थेट येतो. जीटीए ५ ची स्टोरी चालते, ऑनलाइन नाही. व्हॅलोरंटच पाहिजे असेल तर डिस्कच्या वेगळ्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर, विंडोज ठेव, पण पार्टिशनला हात लावायच्या आधी प्रोजेक्टचा रिपोर्ट दुसरीकडं कॉपी करून घे, सबमिशनच्या आदल्या रात्री परत पत्र लिहू नको.