‘अँटीव्हायरस बंद करा’ सांगणारा गेम

प्रश्न : मुलाने महागडा गेम फुकट उतरवला. सोबत सूचना होती, ‘अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो’. त्याने तसं केलं. गेम चालतो, पण लॅपटॉप नुसता पडून असला तरी पंखा घरघरतो. काल त्याचं इन्स्टाग्राम खातंही गेलं, ओटीपी न येताच! गेम काढून टाकला की पुरे ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. ‘उगाच ओरडतो’ हे अर्धं खरं आहे आणि घात तिथेच होतो. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातले बरेच गेम सुरू होताना एका डीएलएल फाइलमार्फत (प्रोग्रॅमचा एक सुटा भाग) विचारतात, की हा गेम या खात्याने विकत घेतलाय का. क्रॅकवाले, म्हणजे गेमचं कुलूप तोडणारे, तीच फाइल बदलून प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणणारी तोतया फाइल बसवतात. अँटीव्हायरसला ती खटकणारच. पण आत चोर दडलेला असला तरी इशारा साधारण असाच येतो, मग फरक ओळखायचा कसा? २०२१ मध्ये अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीने उघड केलेला ‘क्रॅकोनॉश’ हा घातक प्रोग्रॅम जीटीए ५ सारख्या गेमच्या क्रॅक प्रतींतूनच पसरला. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून तो विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर पुसायचा आणि संगणकाची ताकद वापरून मोनेरो हे आभासी चलन खणत (मिळवत) बसायचा. तुमच्या पंख्यामागेही असंच काही असू शकतं. टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी) उघडताच पंखा शांत झाला, तर चोर लपण्यासाठी थांबला असा संशय बळावतो.

ओटीपी आला नाही, कारण लॉगिन झालंच नाही. ब्राउझरमधली सेशन कुकी (लॉगिन झाल्याची खूण) चोरली की आधीच उघडं असलेलं खातं हाती लागतं.

आता क्रम चुकवू नका. आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करा. मग मोबाइलवरून पासवर्ड बदला: पहिला ईमेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट’ दाबा. हेच लॅपटॉपवरून केलंत तर नवा पासवर्डही चोराकडे जाईल. फोटो आणि कागदपत्रं तेवढी पेन ड्राइव्हवर घ्या, सेटअप आणि झिप फाइली नकोत. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज टाकण्यासाठी ८ जीबीचा वेगळा पेन ड्राइव्ह तयार करा (त्यावरचं सगळं पुसलं जातं) आणि जुनी पार्टिशन (डिस्कचे विभाग) काढून विंडोज नव्याने टाका. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर कळवा.

जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे, हेही मुलाच्या कानावर घाला. एपिक या दुसऱ्या गेम-दुकानात दर आठवड्याला एखादा गेम अधिकृतपणे फुकट मिळतो. स्टीमवर घेतलेला आवडला नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असताना परत करता येतो.