शिंजिराच्या छातीवरची काळी रेघ पुसू नका

आपल्या प्रश्नात आपण लिहिले आहे की, जांभळ्या शिंजिराच्या (सनबर्ड) फोटोत पिवळ्या छातीवर मधोमध उभी काळी रेघ दिसते; एका जाणकारांनी ती सावली समजून पुसून टाकायला सांगितले, दुसऱ्यांनी पार्श्वभूमीला नावे ठेवली; तेव्हा अशी टीका ऐकून फोटो खरोखर सुधारतात का, की सरळ ५०० मिमीपेक्षा मोठी लेन्स घ्यावी?

रेघ पुसू नका. विणीचा हंगाम संपला की नराचा झळाळता जांभळा वेष उतरतो, तो बराचसा मादीसारखा पिवळट दिसू लागतो आणि गळ्यापासून छातीवर उतरणारी ती काळी रेघ हीच त्याची ओळख उरते. ती पुसली तर आपण नराची मादी करून ठेवाल. ज्यांनी ही सूचना केली त्यांना प्रकाश कळत असेल, पण पक्षी कळत नाही. हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण हीच चूक मी स्वतः एका वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दाखातर केलेली आहे.

इंदूरला धार रोडवर सिरपूरचा तलाव आहे. २०२२ साली तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, पण मी त्याच्या कितीतरी आधीपासून हिवाळ्यात तिथल्या पाळीवर जातो. इंदूरजवळचा यशवंत सागर जलाशयही त्याच वर्षी यादीत आला. तिकडे लोक सारसासाठी जातात, आणि जवळजवळ सहा फूट उंचीचा पक्षी चौकटीत न सापडणे हेच अवघड. माझा जीव मात्र गवताच्या शेंड्यावर बसणाऱ्या, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १३ सेंटीमीटर भरणाऱ्या गप्पीदासावर. एका डिसेंबरात नर गप्पीदासाचा बरा फोटो मिळाला आणि मी तो कौतुकाने आमच्या साडूंकडे नेला. साडूंचा फोटो स्टुडिओ आहे, हयात लग्नांचे फोटो काढण्यात गेली, शिवाय स्पर्धांना ते परीक्षक म्हणून बसतात.

त्यांनी तीन दोष काढले. फोटो पाळीवर उभे राहून वरून काढला आहे, त्यामुळे पक्ष्याच्या मागे चिखल आला आहे. मानेच्या बाजूचा पांढरा डाग जळाला आहे, त्यात एकही पीस दिसत नाही. आणि डोके मळकट तपकिरी दिसते, त्यात डोळाही हरवला आहे, "काळ्या डोक्याचा पक्षी ना हा? मग डोके काळे करा." पहिले दोन दोष खरे होते. तिसऱ्याचे मी ऐकले, संगणकावर बसून डोके काळेभोर केले, डोळ्यात एक पांढरा ठिपकाही ठेवला आणि मोठी प्रिंट काढून साडूंनाच भेट दिली. घरच्या मंडळींनी वाहवा केली. पुढे पक्षीगणनेला वर्षानुवर्षे जाणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना तोच फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मार्चमधला का हो?"

हिवाळ्याच्या सुरुवातीला गप्पीदासाच्या नव्या पिसांना फिकट तपकिरी कडा असतात आणि त्यांच्याखाली डोक्याचा काळा रंग झाकलेला असतो. महिनोन् महिने त्या कडा झिजतात, तेव्हा कुठे वसंतात डोके काळे दिसू लागते. म्हणजे साडूंनी ज्याला मळ म्हटले तो डिसेंबर होता. साडूंना हे सांगितले तर त्यांचे म्हणणे, नवरीच्या गालावरची पुटकुळी आम्ही काढतोच की. अहो, पण ती नवरीच्या सांगण्यावरून काढता! हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, आणि माझ्या बाजूने मिटणारही नाही.

टीका जरूर ऐका, पण जी टीका आपल्याला पुन्हा तळ्यावर पाठवते तीच कामाची. जी थेट संगणकाकडे पाठवते तिच्याकडे संशयाने पाहा. डोळा हरवला होता हे खरेच होते, पण त्याचा उपाय ठिपका रंगवणे हा नव्हता. पुढच्या हिवाळ्यात मी पाळीखाली उतरून जमिनीवर बसलो. गप्पीदास किडा टिपायला खाली झेपावतो आणि बहुधा त्याच काडीवर परत येतो, म्हणून त्याच्यामागे धावण्यापेक्षा त्या काडीसमोर बसावे. सकाळचे ऊन पाठीशी घेऊन, त्याने मान किंचित आपल्याकडे वळवली की डोळ्यात प्रकाशाचा ठिपका आपोआप येतो. पाच मीटरवरून माझ्या ५०० मिमी लेन्सने एफ ५.६ वर (म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच उघडे ठेवून) जेमतेम दोन सेंटीमीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे फोकस डोळ्यावरच हवा, शेपूट धूसर झाली तर होऊ द्यावी. पांढरा डाग वाचवण्यासाठी एक्स्पोजर उणे दोन तृतीयांश ठेवतो, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्यापेक्षा प्रकाश थोडा कमी घेतो. बसूनच काढल्यामुळे मागे चिखलाऐवजी दूरचे पाणी आले आणि पार्श्वभूमीची तक्रार आपोआप मिटली.

लेन्सचे म्हणाल तर ५०० मिमी पुरे आहे. कमी पडते ते बसणे. अर्थात माझे गुडघे अजून शाबूत आहेत म्हणून मी हे म्हणतो. शिवाय जवळ जाण्याचा हा सल्ला हिवाळी पाहुण्यांपुरता आहे. गप्पीदास माळव्यात घरटे करत नाही, आपला शिंजीर मात्र अंगणातल्या वेलीवरही करतो, तेव्हा घरट्यापाशी असे ठाण मांडू नये. आणि साडूंवर अन्याय नको, पाळीवरून खाली उतरायला मला त्यांनीच लावले.

ती प्रिंट अजून त्यांच्या बैठकीत आहे. कोपऱ्यात डिसेंबरची तारीख आहे, ती झाकली जावी म्हणून मी दोनदा चौकट बदलून द्यायला निघालो, पण साडू ऐकत नाहीत.