सांगली-मिरजेत इनडोअर थीम पार्क येतंय म्हणतात; आत खाण्याचा गाळा आत्ताच बुक करावा का?

तुमचा प्रश्न असा: मिरज रस्त्याला पूर्ण बंदिस्त, एसी थीम पार्क होणार आहे, फूड कोर्टातल्या गाळ्यासाठी पाच लाख आगाऊ मागतायत, ते द्यावेत का आणि पार्क सुरू कधी होईल?

सुरू कधी होईल हे आत्ता कुणीच सांगू शकत नाही. भूमिपूजनाचा फ्लेक्स लगेच लागतो, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. जागेवर एचटीचं, म्हणजे उच्चदाब जोडणीचं, मीटरिंग क्युबिकल आणि ट्रान्सफॉर्मर बसलेला दिसला की मग तारखेचं बोलू.

माझं काम वातानुकूलन आणि विजेच्या लोडचे हिशेब करण्याचं. आपल्याच भागातल्या अशाच एका प्रस्तावाची फाइल माझ्याकडे तपासायला आली होती. तुमचा तोच की दुसरा, माहीत नाही. पण हे अहवाल एकमेकांची झेरॉक्स असतात, म्हणून त्या फाइलीवरूनच सांगतो.

६० हजार चौरस फुटांचा हॉल, १४ मीटर उंची, आठ राइड्स, वर्षाला पाच लाख लोक, तिकीट ९०० रुपये. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात: 'ऊन असो, पाऊस असो, ३६५ दिवस सुरू'.

आधी एसी. अहवालात २२० टन धरलं होतं (टन हे थंडाव्याचं माप; एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणं). मी आकडे मांडले. गर्दीच्या वेळी आत १,५०० माणसं, प्रत्येक माणूस हिंडताफिरताना साधारण १३० वॅट उष्णता टाकतो, म्हणजे ५५ टन इथेच गेले. राइडच्या मोटारी, दिवे, साउंड मिळून ३०० किलोवॅट, त्याचे ८५. पत्र्याच्या छताचे ४०, भिंती आणि सतत उघडणारी दारं यांचे आणखी ४०. इथपर्यंत त्यांचा आणि माझा आकडा जुळत होता. पण बंदिस्त हॉलमध्ये दीड हजार माणसं कोंडायची तर बाहेरची ताजी हवा आत घ्यावीच लागते. माणशी सेकंदाला आठ लिटर धरली तरी १२ हजार लिटर होतात, आणि जूनच्या दमट दिवसात ती हवा थंड आणि कोरडी करायला एकटीलाच १२० टनांच्या पुढे लागतात. ती ओळच अहवालात नव्हती. बेरीज ३४० च्या वर जाते. थोडी राखीव धरून ४०० टन.

हे २२० वरच बांधलं असतं तर काय झालं असतं? पहिल्या मे महिन्यात आत ३० अंश, घामट वास, आणि डक्टवर पाणी सुटून ते राइडच्या ट्रॅकवर ठिबकलं असतं. मग कुणीतरी ताज्या हवेचे डॅम्पर, म्हणजे झडपा, बंद करतो. पारा उतरतो, पण आतला कार्बन डायऑक्साइड चढतो, पोरं कंटाळतात आणि आयांची डोकी दुखतात. लोक 'आत गुदमरतं' म्हणून सांगत सुटतात. असं कशामुळे झालं हे शोधायला मग मॅनेजमेंटला दोन सीझन लागतात.

आता बिल. वॉटर-कूल्ड चिलर (पाणी गार करणारं यंत्र), पंप, कूलिंग टॉवर आणि एएचयू (थंड हवा हॉलमध्ये सोडणारी यंत्रं) मिळून टनामागे एक किलोवॅट धरा. ४०० किलोवॅट, ११ तास, सरासरी ७० टक्के लोड: ३,०८० युनिट. राइड्स आणि दिवे यांचे १,८००. रोजचे ४,९०० युनिट. एचटी व्यापारी जोडणीला मागणी आकार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरचा आकार) वगैरे धरून १४ रुपये युनिट धरलं तर दिवसाला ६८ हजार, वर्षाला अडीच कोटी. शिवाय एकदा एखाद्या रविवारी सगळं एकदम चालू होऊन कमाल मागणी चढली की पुढचे अकरा महिने त्या मागणीचा ठरावीक भाग बिलात धरला जातो. पार्क रिकामं असलं तरी.

खरा प्रश्न इथेच आहे. छप्पर पावसावर तोडगा काढतं, मंगळवारवर नाही. शाळा सुरू, नोकऱ्या सुरू, कारखान्यांचं गाळप सुरू; मंगळवारी दुपारी कोण येणार? ४०० माणसं आली तर माणशी १७० रुपये नुसती वीज. रविवारी अडीच हजार आली तर, एसी जास्त ओढला तरी, ३५ च्या आसपास. उघड्या पार्कात मंगळवारी चार राइड बंद ठेवून माणसं सुट्टीवर पाठवता येतात. इथे एकच मोठा हॉल. दहा माणसांसाठीही तो गार ठेवावाच लागतो.

आणि मुळात आपल्याला छप्पर हवंय कशासाठी? सांगलीचा पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. बंदिस्त पार्क जिथे चालतात तिथली कारणं बघा. दुबईत २०१६ ला आयएमजी वर्ल्ड्स उघडलं, अबुधाबीत २०१० ला फेरारी वर्ल्ड. तिथे उन्हाळ्यात दुपारी बाहेर उभं राहवत नाही आणि विमानाने पर्यटक येतात. सोलमधलं लॉटे वर्ल्ड १९८९ पासून आहे, पण ते प्रचंड शहराच्या पोटात, मेट्रोला चिकटून. अमेरिकेत मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकेतलं पार्क १९९२ चं. तिथे हिवाळा लांब आणि बर्फाचा. उलट अमेरिकेतच शिकागोजवळ 'ओल्ड शिकागो' नावाचं मॉलसकट बंदिस्त पार्क १९७५ ला उघडलं, १९८० ला बंद. डिस्नेने त्याच शहरात १९९९ ला डिस्नेक्वेस्ट काढलं, २००१ ला कुलूप. लंडनचं सेगावर्ल्ड १९९६ ते १९९९. पैसा, नाव, अनुभव, सगळं असलेल्यांची ही गत. आपल्या पट्ट्यात पावसासाठी छप्पर लागेल असं ठिकाण म्हणजे महाबळेश्वर. पण महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह आहे, तिथे असला डबा कुणी बांधू देणार नाही.

खोपोलीचं इमॅजिका घ्या. ते उघडं पार्क; आत बर्फाचा एक बंदिस्त भाग आहे. २०१३ ला सुरू झालं, दीड हजार कोटींहून जास्त गुंतवणूक, मुंबई आणि पुणे दोन्हीकडून एक्स्प्रेसवेवर. तरी कर्ज झेपलं नाही आणि २०२२ ला मालक बदलले. मुंबई-पुणे मिळून जे ओझं पेललं नाही ते सांगली, मिरज, कुपवाड पेलणार, असं फाइलीत गृहीत धरलेलं.

लोकसंख्येचा हिशेब तर हसण्यासारखा होता. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड ५.०३ लाख, कोल्हापूर ५.४९, इचलकरंजी २.८७. बेरीज १३.४ लाख. अहवालातले पाच लाख म्हणजे या तिन्ही शहरांतल्या दर आठ माणसांमागे तीन दरवर्षी येणार, आणि चौघांच्या घराला ३,६०० रुपये तिकिटाचे, वर खाणं आणि पेट्रोल. माझ्या मते दीड ते पावणेदोन लाख, तेही पहिल्या वर्षाच्या कुतूहलात. ९०० मधून त्यातच धरलेला १८ टक्के जीएसटी गेला की ७६३ उरतात, शाळांच्या सहली आणि ऑफर धरल्या तर हातात सरासरी साडेपाचशे. फार तर साडेनऊ कोटी जमा. वीज अडीच, पगार तीन, देखभाल-सुटे भाग-विमा अडीच, जाहिरात दीड. बँकेच्या व्याजाला काहीच उरत नाही, मुद्दल तर लांबच.

राइडची क्षमता वेगळीच गंमत. चार सीटच्या गाडीचा स्पिनिंग कोस्टर, तासाला १,२०० माणसं म्हणे. गाडी ३६ सेकंदांनी सोडली तर तासाला शंभर गाड्या, म्हणजे कागदावरही ४०० च. प्रत्यक्षात त्याच्या दोन-तृतीयांश मिळतात. मांडीवरचा लॅपबार (अडसर) तपासणं, घाबरून उतरणारं पोरगं, खिशातला मोबाइल काढून ठेवायला सांगणं यात प्रत्येक वेळी दहा-वीस सेकंद जातात. रविवारी तासभराची रांग, आणि तीही एसीच्या पैशात उभी.

छताचा आणखी एक तोटा. दर दोन-तीन वर्षांनी नवी राइड आणली नाही तर लोक परत येत नाहीत. उघड्यावर शेजारी जागा असते. इथे १४ मीटरच्या छतात डक्ट, स्प्रिंकलर आणि दिवे वजा जाता ११-१२ मीटरच हाती लागतात, आणि क्रेन आत न्यायला भिंतीत सहा बाय सहा मीटरचं काढता येण्यासारखं पॅनल ठेवलंय का, हे कुणी विचारतच नाही. ठेवलं नसेल तर पहिल्या दिवशी बसवलेल्या राइडच म्हाताऱ्या होईपर्यंत चालवायच्या.

स्नो पार्कचा तुकडा जोडलेला असेल तर दुप्पट सावध. उणे पाच अंशाला खोली चोवीस तास ठेवावी लागते, रात्री बंद करता येत नाही. पफ पॅनलच्या (फोम भरलेल्या उष्णतारोधक भिंतीच्या) गरम बाजूला वाफरोधक थर नीट जोडला नाही तर सांध्यांत ओल शिरून पॅनल भिजतं. आणि फरशीखाली कोमट ग्लायकॉलच्या (न गोठणाऱ्या द्रवाच्या) नळ्या किंवा हवेच्या पाइपने ऊब दिली नाही तर खालची ओली माती गोठून फरशी वर उचलते. आपली काळी माती पाण्याने आधीच फुगते. ती मुरमापर्यंत उकरून न काढता वर बर्फाची खोली बांधणाऱ्याला मी काय म्हणणार.

आगीचं थोडक्यात, पण गंभीरपणे. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये वेल्डिंगच्या ठिणगीने आग लागली, आत इंधन साठवलेलं, अग्निशमनची एनओसी नाही, त्या दिवशी ९९ रुपयांची ऑफर. २७ जण गेले. बंदिस्त हॉलमध्ये फोमच्या गुहा, फायबरचे डायनासोर आणि थर्माकोलचे डोंगर हेच जळण असतं. कुठूनही बाहेरच्या दारापर्यंत ३० मीटरच्या आत पोचता आलं पाहिजे, स्प्रिंकलर आणि धूर ओढणारे पंखे जनरेटरवर चालले पाहिजेत, आणि थीमसाठी केलेला अंधार आगीच्या वेळी आपोआप उजळला पाहिजे. त्या फाइलीत 'फायर सेफ्टी: नियमानुसार' एवढंच होतं.

मी हे सगळं लिहून दिलं तेव्हा त्यांच्या सल्लागाराचं उत्तर आलं की तुमच्याकडे व्हिजन नाही. बैठकीत कुणीतरी म्हणालं, सांगलीची माणसंच सांगलीत काही चांगलं येऊ देत नाहीत. हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक फसलेल्या योजनेआधी ऐकू येतं. कुपवाडचे कारखाने, हळदीचा बाजार, तासगावची द्राक्षं, मिरजेचे दवाखाने आणि सतारी, हे सगळं सांगलीच्याच माणसांनी उभं केलं, आणि त्यातल्या कुणीही आधी गाळ्याचे पैसे गोळा करून नंतर जागा शोधली नाही. ताज्या हवेचे १२० टन कुठे गेले, हे विचारायला व्हिजन लागत नाही. त्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

आता तुमचे पाच लाख. गाळा विकत देणार असतील तर प्रकल्पाचा महारेरा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर मागा. नोंदणी लागू असताना ती न करता जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही, आणि नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. नुसतं भाड्याने किंवा लायसन्सवर देणार असतील तर हे संरक्षण सहसा मिळत नाही, त्यामुळे तिथे आगाऊ रक्कम देऊच नका; पार्क चालू झाल्यावर अनामत देतो म्हणा. जमिनीचा सातबारा, बिगरशेतीचा आदेश, आणि नकाशावर निळी-लाल पूररेषा बघा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर होतं; चिलर आणि पॅनल रूम तळघरात दाखवली असेल तर प्रश्नच मिटला.

एक कबूल करतो: पाच-सहा हजार चौरस फुटांचा ट्रॅम्पोलिन आणि सॉफ्ट-प्लेचा हॉल, मॉलमध्ये भाड्याच्या जागेत, सांगलीत चालू शकतो. त्याला ४०-५० टन एसी पुरतो, वाढदिवसांवर मधले वार थोडेफार भरतात, आणि नाही चाललं तर सामान उचलून नेता येतं. तिथे वडापाव-कॉफीचा काउंटर मिळत असेल तर विचार करा; फक्त त्याच्या मालकाने दर जानेवारी आणि जुलैला अग्निशमनचा बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दिलाय का, तो कागद बघायला मागा.