सात पुस्तकं जास्त की सात पुस्तकं कमी?
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमचं घर वसईचं, कॅथलिक. नवी सून अहिल्यानगरची, प्रॉटेस्टंट. तिच्या मराठी बायबलमध्ये तोबित नाही, मक्काबी नाही. ही पुस्तकं काढली कोणी?

उत्तर : नवा करार दोन्ही घरांत सारखाच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात आहे. कॅथलिकांकडे ४६, प्रॉटेस्टंटांकडे ३९. म्हणून एकीकडे ७३ आणि दुसरीकडे ६६. मधली सात म्हणजे तोबित, यहूदीथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, बेन सिराख आणि बारूख. एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांतही काही भाग जास्तीचा आहे.

‘प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने फाडून टाकली’ हे जितकं चूक, तितकंच ‘रोमने मागाहून घुसडली’ हेही चूक. यहुदी धर्मग्रंथांचं जे ग्रीक भाषांतर सुरुवातीची ख्रिस्तमंडळी वाचत होती, त्यात ही पुस्तकं होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित जेरोम बेथलेहेमला बसून हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करू लागला, तेव्हा हिब्रू यादीत ती नाहीत हे त्याला खटकलं. बोधासाठी वाचा, पण त्यांवरून सिद्धान्त ठरवू नका, असं त्याचं मत. त्याच काळातला बिशप ऑगस्टीन याला ते पटलं नाही. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या धर्मसभांनी ही पुस्तकं यादीत धरली. पुढे हजार वर्षं पुस्तकं बायबलात राहिली आणि जेरोमची शंकाही विद्वानांच्या तोंडी राहिली. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ मध्ये हीच यादी दिली होती.

ठिणगी पडली १५१९ मध्ये, लाइपझिगच्या वादसभेत. मृतांसाठी प्रार्थना करावी याला आधार म्हणून रोमच्या बाजूचे धर्मपंडित योहान एक (Eck) यांनी २ मक्काबी १२, म्हणजे मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय, पुढे केला. तिथे यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांच्या पापासाठी वर्गणी जमवून सुमारे २,००० चांदीचे द्राख्मा यरुशलेमला अर्पणासाठी पाठवतो. लूथरचं म्हणणं असं की हे पुस्तक प्रमाणग्रंथांतलं नाही, वादात ते चालणार नाही. तरी १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात त्याने ही पुस्तकं छापलीच, दोन करारांच्या मध्ये, ‘पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला उपयुक्त आणि चांगली’ अशा मथळ्याखाली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी ७३ ची यादी बंधनकारक केली. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलातही ही पुस्तकं होती. ती सर्रास गळाली १८२६ नंतर, कारण ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने आपला पैसा त्यांच्या छपाईला लावायचा नाही असं ठरवलं. मिशनऱ्यांनी देशोदेशी नेलेली बायबलं बहुतेक अशीच, ६६ ची.

प्रश्न : पाळकसाहेब म्हणतात ‘केवळ शास्त्र’. फादर म्हणतात ‘शास्त्र आणि परंपरा’. मग प्रॉटेस्टंटांना परंपरा नसतेच का?

उत्तर : असते की. लूथरन आणि अँग्लिकन उपासनेत निकायाचा मतांगीकार (श्रद्धेचं निवेदन) म्हणतात, तो चौथ्या शतकातला. ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्द बायबलात कुठेच नाही, तरी दोघेही मानतात. ‘केवळ शास्त्र’ याचा अर्थ एवढाच की मतांगीकार, धर्मसभा, पाळक या सगळ्यांची चूक होऊ शकते, म्हणून शेवटचा निवाडा शास्त्राचा. अँग्लिकनांचं १५७१ चं कलम नेमकं आहे : जे शास्त्रात वाचता येत नाही, किंवा त्यावरून सिद्ध करता येत नाही, ते तारणासाठी आवश्यक म्हणून कुणावर लादू नये.

कॅथलिकांकडे ट्रेंटने लिखित पुस्तकं आणि प्रेषितांकडून आलेल्या अलिखित परंपरा यांना सारखाच मान दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये म्हटलं की दोन्ही एकाच झऱ्यातून येतात, आणि त्यांचा अधिकृत अर्थ सांगणारे पोप व बिशप देवाच्या वचनाच्या वर नाहीत, त्याचे सेवक आहेत. इथे एक घोटाळा नेहमी होतो. शुक्रवारी मांस न खाणं, धर्मगुरूंनी लग्न न करणं हे शिस्तीचे नियम आहेत. ते बदलू शकतात. पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुष धर्मगुरू होतातही. वाद या नियमांचा नाही.

खरा वाद अर्थ कोणी लावायचा याचा आहे, आणि अडचण दोघांनाही आहे. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला लूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंगली एकत्र बसले. १५ पैकी १४ मुद्द्यांवर जमलं. प्रभुभोजनावर अडलं : भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं, की ती केवळ खूण? लूथरने टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते, आणि तो त्यांवरून हलला नाही. बायबल एकच, ‘केवळ शास्त्र’ दोघांनाही मान्य, तरी एकमत नाही. उलट कॅथलिकांना विचारतात, परंपरा भरकटली तर तिला अडवणार कोण?

आणि एक विनंती. भांडणात मार्क ७:८ आणि २ थेस्सलनीका २:१५ एकमेकांवर फेकू नका. पहिल्यात परंपरेची झोडपणी आहे, दुसऱ्यात ती घट्ट धरा अशी आज्ञा. मूळ ग्रीक शब्द मात्र दोन्हीकडे एकच, ‘पारादोसिस’, म्हणजे सोपवलेली गोष्ट. कोणी सोपवली, हे दोन्ही ठिकाणी मागचापुढचा मजकूर वाचल्यावरच कळतं.

प्रश्न : १५ ऑगस्टचं मरियेचं स्वर्गोन्नयन, म्हणजे तिला शरीरासह स्वर्गात घेतलं जाणं, बायबलात कुठे आहे?

उत्तर : थेट वर्णन कुठेच नाही. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी ते श्रद्धासिद्धान्त म्हणून जाहीर केलं. आधार प्राचीन सणाचा, चर्चच्या एकमुखी श्रद्धेचा आणि शास्त्रातल्या सूचक उताऱ्यांचा. प्रॉटेस्टंटांची हरकत सणापेक्षा ‘मानलंच पाहिजे’ या सक्तीवर आहे.

प्रश्न : सासू-सून एकत्र वाचायला बसतो तर ओव्याच जुळत नाहीत. काय करावं?

उत्तर : तीन जागा लक्षात ठेवा. स्तोत्रं : जुन्या कॅथलिक पुस्तकांत ग्रीक क्रमांक असतात. तिथे नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरल्याने पुढची बहुतेक एकाने मागे पडतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे सुनेकडे २३ वं, तर त्या पुस्तकांत २२ वं. नव्या कॅथलिक आवृत्त्यांत हा घोळ सहसा नसतो. दहा आज्ञा : ‘खून करू नको’ कॅथलिकांची पाचवी, बहुतेक प्रॉटेस्टंटांची सहावी, कारण मूर्तीची आज्ञा ते वेगळी मोजतात. लूथरन मात्र इथे कॅथलिकांसारखेच मोजतात. दानीएल : तिसऱ्या अध्यायात, २३ व्या ओवीनंतर कॅथलिक बायबलात भट्टीतल्या तिघांचं गीत येतं. सुनेच्या २४ ते ३० या ओव्यांत ६७ मिळवा, म्हणजे तुमची ओवी सापडेल. तिचा दानीएल बाराव्या अध्यायाला संपेल, तुमचे दोन अजून उरतील.