आजीच्या लुगड्याचे चौकडे

अगं मुली,

तुमच्या कार्टून फिल्मसाठी तू काढून पाठवलेल्या अकरा कोळीण आज्या दोन दिवस माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरल्यात. कुठली निवडू, विचारतेस. सात नंबरची सुरेखच आहे. लुगड्याचे चौकडे काय, बांगड्या काय, टोपलीतल्या एकेका बोंबलाचं तोंड वेगळं! ती घेऊ नकोस.

चिडायच्या आधी हिशेब कर. फिल्म तीन मिनिटांची. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. म्हणजे २१६० आज्या. त्या तू एकटी काढणार नाहीस, चौघं मिळून काढणार. आणि बाकी तिघांचा हात तुझ्यासारखा नाही हे तूच लिहिलंयस, जरा तोऱ्यातच. पात्र चौघांना काढता आलं पाहिजे.

माझा वासुदेव तुला कधी दाखवला नाही, कारण दाखवण्यासारखं काही उरलंच नाही. कॉलेजात आमची दोन मिनिटांची फिल्म होती. वासुदेवाच्या टोपीत मी ३२ मोरपिसं काढली, प्रत्येकाला डोळा. १४४० चित्रं, म्हणजे ४६,०८० पिसं! गटातला एक जण म्हणाला, टोपी एका आकारात काढू, कडेला चार दाते कातरू, पिसं आपोआप वाटतील. मी हसलो त्याला. पुढे तो यायचाच बंद झाला. फिल्म अकराव्या सेकंदाला थांबली ती थांबलीच. तरी सांगतो, पिसं चुकीची नव्हती. पिसांशिवाय वासुदेव कसला? ... बघ, अजून भांडतोय मी. चार दात्यांतही पिसंच होती की.

तर आता असं कर. एक आजी कागदावर ठेव: पुढून, पाऊण वळलेली, बाजूने, पाठीमागून. स्वतःच्या डोक्याच्या किती पट उंच ते ठरव, साडेतीन डोकी पुरेत. ही झाली मॉडेल शीट. मग ती चौघांपुढे ठेवून प्रत्येकाला सांग, दहा मिनिटांत टोपली उचलणारी आजी काढा. तू मधे बोलायचं नाही. चारही कागद शेजारी लाव. चार वेगळ्या बायका दिसल्या तर दोष त्यांच्या हाताचा नाही, तुझ्या डिझाइनचा.

दुसरं, तिला पूर्ण काळी भरून बघ. डोक्यावर टोपली, कमरेवर हात, मागे खोचलेला काष्टा, एवढ्यावर ती ओळखू आली पाहिजे. चौकडे काळ्यात दिसत नाहीत, आणि हलताना तर प्रत्येक चित्रात जरा जरा सरकतात, सगळं लुगडं उकळल्यासारखं दिसतं. एक सपाट रंग दे आणि जाड काठ. बांगड्यांचा एकच हिरवा पट्टा. बोटं चार काढलीस तरी कुणी मोजायला बसत नाही, कार्टूनवाले कधीपासून हेच करत आलेत. फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली, नुसत्या काड्या नाचवल्या. काडीला पापण्या नसतात.

मैत्रिणीला जपानी धाटणीचे मोठे डोळे हवेत, तुला नकोत, यावर तीन आठवडे घालवलेत तुम्ही! दोन्ही तऱ्हेचे डोळे त्या दहा मिनिटांच्या परीक्षेला बसव. चौघांना जमतील ते ठेवा. मला विचारू नका.

तुमच्यातला तो आवाजाचं बघणारा मुलगा, 'त्याला चित्र येत नाही' म्हणून ज्याला तू यादीत सगळ्यात खाली टाकलंयस, त्याला रविवारी आधी घेऊन ये. पेन्सिल मी देईन. पहिली आजी त्याच्याकडूनच काढून घ्यायचीय मला.

तुझा,
सर