गाडीच्या इन्शुरन्सचा कागद सोबत ठेवावाच लागतो का, की मोबाईलमधला चालतो?

मोबाईलमधला चालतो, बिनधास्त दाखवा. 2018 मध्येच केंद्राने मोटार वाहन नियमात बदल केलाय, नियम 139 बघा, आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी सगळं कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतं. फक्त ते डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये असू दे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पॉलिसीचा नुसता फोटो दाखवला तर हवालदार मानेलच असं नाही आणि त्यात त्याची चूकही नाही, फोटोत काहीही करता येतं हो.

आता माझं ऐका, मी तरी डॅशबोर्डच्या खणात एक प्रिंट ठेवतोच. मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात पोलिसांनी अडवलं, रेंजचा एक दांडा नाही, अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरतंय, शेवटी तो दमट झालेला, घडीवर फाटलेला कागदच कामाला आला. म्हणून एक प्रिंट गाडीत असू द्या, आणि रेंज नसली तरी उघडेल अशी पॉलिसीची पीडीएफही फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा.

आणि रिन्यू केल्यावर एमपरिवहनमध्ये नवी तारीख दिसतेय का ते नक्की बघा, कधीकधी अपडेट व्हायला दिवस लागतात. इन्शुरन्सच नसेल तर पहिल्यांदा 2000 दंड, परत सापडलात तर 4000.