मंडईतला फोटो आणि समीक्षेची भाषा

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या छायाचित्र-प्रदर्शनात पुण्याच्या महात्मा फुले मंडईत मोबाइलवर सहज टिपलेला एक फोटो मी देणार आहे. त्यासोबत कलासमीक्षेच्या धर्तीवर लहानसे टिपण जोडायचे आहे. एखाद्या थोर चित्राविषयी लिहावे तसे भाजीच्या गाळ्याविषयी लिहिले, तर ते ओढूनताणून आणलेले वाटणार नाही का? फोटो सोबत पाठवीत आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : विषय साधा आहे म्हणून टिपण ओढूनताणून आणलेले वाटत नाही; त्यातल्या शब्दाला फोटोत जागा सापडली नाही, की ते तसे वाटते. ‘रचनेत ताण आहे’ असे आपण लिहिले आणि वाचकाने ‘कुठे?’ असे विचारले, तर फोटोवर बोट ठेवून ती जागा दाखवता आली पाहिजे. ही अट पाळणार असाल तर समीक्षेची सगळी परिभाषा आपण निःसंकोच वापरावी.

इतर वाचकांसमोर फोटो नाही, म्हणून त्यात काय आहे ते आधी देतो. खालचा अर्ध्याहून अधिक भाग मेथी, पालक आणि कोथिंबिरीच्या जुड्यांनी व्यापलेला आहे. जुड्यांची मुळे पाहणाऱ्याकडे वळलेली असून त्यांना ओली माती चिकटलेली आहे. वर उजव्या बाजूला गाळ्यावर बसलेल्या मावशींनी तराजू उचलून धरला आहे. डाव्या कडेने हिरव्या बांगड्या घातलेला एका गिऱ्हाइकाचा हात आत आला आहे, मात्र चेहरा चौकटीबाहेर राहिला आहे. मागे एक पिवळा बल्ब, त्याच्याखाली झेंडूचे फूल वाहिलेली लक्ष्मीची लहानशी तसबीर आणि अगदी उजव्या कडेला पांढऱ्या शर्टातला पाठमोरा माणूस.

या फोटोचा जीव त्या तराजूच्या दांडीत आहे. गाळ्याची कड, जुड्यांच्या रांगा, मागची फळी अशा बाकीच्या बहुतेक रेषा आडव्या आहेत. दांडी तेवढी तिरपी आहे, कारण मिरच्यांचे पारडे अजून वजनाच्या पारड्याच्या वरच आहे. मावशींची नजर काट्यावर खिळली आहे आणि गिऱ्हाइकाचा हातही त्याच दिशेने पुढे आला आहे, परंतु माप पुरे झालेले नाही आणि व्यवहारही झालेला नाही. आणखी चार मिरच्या पडल्या असत्या, तर दांडी आडवी झाली असती आणि फोटो निव्वळ नोंद होऊन राहिला असता. ‘ताण’ हा शब्द आपण येथे खुशाल वापरावा. त्याची जागा दाखवता येते.

रंगाविषयी लिहिताना ‘हिरव्या रंगाचे प्राबल्य’ एवढ्यावर थांबू नका, कारण या फोटोत हिरवा एकच नाही. मेथीचा हिरवा प्रकाश शोषून घेतो आणि मऊ दिसतो. बांगड्यांचा हिरवा काचेचा असल्याने त्यावर प्रकाशाचे बारीक, टणक ठिपके उमटले आहेत. शिवाय बल्बचा पिवळा उजेड मावशींच्या गालावर आहे आणि बाहेरून येणारा निळसर दिवसउजेड पाल्यावर, म्हणजे माणसाच्या वाट्याला उष्ण छटा आली आहे आणि मालाच्या वाट्याला शीत.

हेतूविषयी मात्र जपून लिहावे. समोरच्या जुड्या माणसांपेक्षा मोठ्या भासतात, यामागे बराचसा वाटा मोबाइलच्या भिंगाचा आहे. त्याचा कोन रुंद असतो आणि फोटो जवळून घेतला, की पुढच्या वस्तू फुगून दिसतात. म्हणून ‘छायाचित्रकाराला मालाचे वर्चस्व सुचवायचे आहे’ असे न लिहिता ‘माल माणसांना मागे रेटताना दिसतो’ असे लिहावे. पहिल्या वाक्यात आपण मनातले सांगता, दुसऱ्यात फोटोतले. मंडईची इमारत १८८६ची आहे, तिचे मूळ नाव रे मार्केट होते आणि तिचा मनोरा अष्टकोनी आहे, ही माहिती मोलाची असली तरी फोटोत यातले काहीच आलेले नाही. तिच्यावर टिपणाचा भार टाकू नये.

पूर्वसूरींचा उल्लेख करायचाच असेल, तर पीटर आर्टसेन या डच चित्रकाराचा करावा. त्याने १५५१मध्ये रंगवलेल्या एका चित्रात मांसाच्या दुकानाने सारी अग्रभूमी भरली आहे आणि मागे, पटकन नजरेत न येणाऱ्या जागी, गाढवावर बसलेली येशूची आई मेरी भिकाऱ्याला भाकरी देत आहे. पुढे मालाची रास आणि मागे लहानसे पवित्र दृश्य, ही मांडणी आपल्या फोटोतही आहे. ती तसबीर याच अंगाने पाहण्याजोगी आहे. फरकही तितक्याच स्पष्टपणे नोंदवा. आर्टसेनने ते विचारपूर्वक योजले होते. येथे लक्ष्मीची जागा गाळा मांडणाऱ्यांनी आपल्या रोजच्या श्रद्धेने ठरवली आहे. माझ्या मते ही बाब फोटोला अधिक वजन देते, कारण ती रचना छायाचित्रकाराच्या आधीपासून तेथे होती आणि आपण ती चौकटीत घेतलीत.

राहिला तो पांढरा शर्ट. फोटोतला सर्वांत उजळ भाग तोच असल्याने नजर आधी तिकडे जाते आणि दांडीपर्यंत उशिरा पोहोचते. हा दोष आहे आणि टिपणात तो एका वाक्यात मान्य करावा. उजवी कड कातरून तो घालवण्याचा मोह होईल, परंतु तसे केल्यास मावशींचे कोपर आणि वजनाचे पारडे दोन्ही अर्धे कापले जातील. फोटो आहे तसाच द्यावा. फार तर छापण्यापूर्वी तेवढा भाग किंचित गडद करून घ्यावा.